तंगुसाने शिवलेलं पुस्तक

भिवंडी, ९ जून

आणि वर तूच चारचौघांत सांगणार की महादूक घरची फिकीर नाय. ताई, चैत्रापासून तुझा एक शब्द नाही. माझा नंबर बंद करून ठेवलायस. आणि आज समदच्या फोनवर तुझा मेसेज येतो तो काय, तर, "महादूला सांगा, संकटावर मात करणाऱ्या मुलांच्या चार कादंबऱ्या पाठव. खऱ्यासारख्या हव्यात. सलोनीच्या वयाच्या मुलांच्या." कसा आहेस नाही, जेवतोस काय नाही. सरळ ऑर्डर टाकलीस. गिऱ्हाईकसुद्धा आम्हाला 'कृपया' लिहितं.

समदने तो मेसेज गोदामात सगळ्या लायनीसमोर मोठ्याने वाचला. वाचून म्हणतो, "तुझी भैन भारी आसा रे. माझ्या फोनावर तुझी शाळा घेता." तो मालवण बाजारातला. त्याची आत्या कट्ट्याला तुझ्या मेडिकलात गोळ्या न्यायला येते, तिच्याकडून तू त्याचा नंबर घेतलास. म्हणजे परक्याचा नंबर चालतो. भावाचा चालत नाही.

म्हणून हा कागद. दोन पुस्तकांच्या मध्ये घालतोय. पार्सल तरी तू परत पाठवणार नाहीस.

पुस्तकांच्या गोदामात कामाला आहे म्हणून पुस्तकं काही माझ्या बापाची नाहीत. (लिहून गेलं. खोडत नाही.) मी रिटर्नला असतो. गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं खोकं उघडायचं, पुस्तक फाटलंय का बघायचं, चांगलं ते परत रॅकवर, वाईट ते कोपऱ्यात. कोपऱ्यातलं सुपरवायझरला सांगून नेता येतं. त्यातली ही दोन. कव्हरवर शाळेतली मुलं आहेत आणि मागे 'जिद्द' असं लिहिलंय. मी वाचलेली नाहीत. मी कधी काय वाचलंय?

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. पितृपक्षात मी येणार नाही. चैत्रात फोनवर बोललो तेच आज. तुम्ही देवळात कौल लावलात. भावकी जमली, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बाबांचं विचारलंत काय? "दत्तारामाचा कार्य करूचा काय?" देवाला लावलेल्या कळ्यांतली उजवी पडली. उजवी म्हणजे हो. डावी पडती तर नाही. पण "दत्ताराम जिता आसा काय" असं कोणी विचारलं? एकाच्याही तोंडातून ते आलं नाही. तुम्ही घाबरलात. तू, आई, सगळी भावकी. डावी-उजवीची भीती नव्हती, विचारायचीच भीती होती.

दोन वर्षांमागच्या नारळी पौर्णिमेनंतर बाबा एकटे होडी घेऊन गेले आणि होडी देवगडच्या बाजूला मिळाली. जाळं आत. डबा आत. ताई, डबा खाऊन, धुऊन, झाकण लावून ठेवलेला होता. तूच तो घरी आणलास. बुडणारा माणूस डबा धुतो?

आणि तुम्ही म्हणता, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करू, त्याला बाबांचा शर्ट घालू, आणि महादू त्याला आग लावील.

आग लावायला दुसऱ्या कोणाचा झील शोधा.

महादू


भिवंडी, ३० जून

ताई,

आयकलंय. समदने तुझा व्हॉइस मेसेज लावला आणि दोन शब्द ऐकून फोन माझ्या हातात कोंबला. "घे बाबा, हे गाळी तुझे आसत, माका कित्याक?"

"सलोनीच्या बाईंनी काय सांगला आणि तू काय पाठवलंस? एका पुस्तकात कासव बोलता. नुसता बोलता नाय, सल्ले देता!"

मला हसायला आलं. मग पुढचं ऐकलं आणि हसू गेलं. आपली धाकटी सलोनी दहावीत आहे आणि उन्हाळी वर्गांपासून एक दिवस शाळेत गेलेली नाही, हे मला तू आज सांगतेस. सकाळी उठून किनाऱ्यावर जाते, आपली होडी जिथे ओढून ठेवलीय तिला टेकून बसते, ऊन चढलं की घरी. विचारलं की एकच, "बाबा इल्याशिवाय मी शाळेत जावचंय नाय." आईने हात जोडले. तू एकदा मारलंस. हे तू सांगितलं नसतंस तरी चाललं असतं.

बाईंचं म्हणणं तू नीट सांगितलंस ते बरं झालं. ही पोर माणसांत येत नाही, तर तिच्याच वयाची, तिच्यासारखीच अडकलेली आणि त्यातून बाहेर आलेली मुलं तिला पुस्तकात भेटू देत. राजाराणी नको, भुतंखेतं नकोत, उपदेश नको. खरी वाटली पाहिजेत. नाहीतर एका पानात तिला कळेल की हे आपल्याला शहाणं करायला आणलंय.

तर मी वाचायला बसलो. हसू नको. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांवर बसतो आणि ओळीखाली बोट ठेवून वाचतो. समद म्हणतो, "कलेक्टर होतलस काय आता?" त्याला गंमत वाटते, पण त्याने नेमकं धरलं. सगळ्या पुस्तकांत कलेक्टरच होतात गो! दगडाच्या खाणीतला पोरगा, बाप गेलेला, तो कलेक्टर. ऊसतोडणीवाल्यांची पोरगी बोर्डात पहिली. एक आंधळा मुलगा आहे, तो निदान कलेक्टर होत नाही, पण गातो आणि सगळं गाव रडतं. पहिल्या धड्यात संकट आणि शेवटच्या धड्यात बक्षीस समारंभ. मध्ये कुठेतरी एक गुरुजी भेटतात. चष्म्यातून बघतात आणि त्यांना सगळं कळतं.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा माझ्यामागे पण एक गुरुजी धावत आले होते. लायब्ररीचं पुस्तक परत मागायला.

खाणीतला पोरगा रडतो तिथपर्यंत मला पटत होतं. त्याच्या आईच्या हाताला सिमेंटने भेगा पडतात ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. मग तो लाल दिव्याच्या गाडीतून गावात येतो आणि मला वाटलं, ह्याने मला फसवलं. सलोनीला असलं दिलं तर ती काय म्हणेल? म्हणेल, ह्याचे बाबा मेले म्हणून हा कलेक्टर झाला. माझे तर मेलेच नाहीत.

म्हणून ह्या वेळी पार्सल नाही. नुसता कागद. शोधतोय.

आई जेवते ना?

महादू


भिवंडी, २६ जुलै

ताई,

मिळालं. सोबत पाठवतोय. पातळ आहे, कव्हरावर सायकल आहे, बाकी काही नाही. लिहिणारीचं नाव मी आधी ऐकलेलं नाही, पण मी कोणाचं ऐकलंय?

हे कोपऱ्यात कसं आलं ते सांगतो. पुस्तक कोरं करकरीत. परत पाठवणाऱ्याने कारणाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, 'शेवट नीट नाही.' खोक्यात कोपरा दुमडला होता म्हणून सुपरवायझरने बाजूला टाकलं. मी चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, बघूया ह्याचा शेवट कसा बिघडलाय.

मिठागरावरच्या गावातली पोरगी आहे, सलोनीएवढी. तिचा मोठा भाऊ कामाला बाहेर जातो आणि एक दिवस त्याचा फोन लागेनासा होतो. एवढंच. मेला म्हणून कोणी सांगत नाही, आहे म्हणून कोणी सांगत नाही. पोलीस फोटो नेतात आणि फोटो पण परत येत नाही. पोरगी शाळा सोडते. मिठाने पायाला चिरा पडतात. मला वाटलं, आता गुरुजी येणार. नाही आले. वाटलं, भाऊ येणार. मी शेवटची पानं घाईघाईने वाचली, बोटसुद्धा न ठेवता. नाही आला. ती परत शाळेत जाते, गणितात नापास होते, परत बसते. आणि एक म्हातारी विहिरीवर रोज विचारायची, "भाऊ आला का गं?" तेव्हा ही हंडा टाकून पळायची. शेवटी म्हातारी विचारते, आणि ही म्हणते, "नाही," आणि पाणी भरते. संपलं.

ज्याने परत पाठवलं त्याला हा शेवट नीट वाटला नाही. मी मात्र दुपारभर खोकी उघडत होतो आणि कुठल्या खोक्यात काय होतं ते मला आठवत नाही.

समदला सांगितलं. तो म्हणाला, "मगे? भाव खंय गेल्लो?" मी म्हटलं, सांगितलंच नाही. तो म्हणाला, "ह्या काय पुस्तक झाला? पैसे परत घी." मग खोकं उघडता उघडता म्हणाला, "माझो चुलतो पण असोच. वाटेक लागलो तो लागलो. दादी अजून दार लावक देणा नाय." त्याने हे आधी कधी सांगितलं नव्हतं.

ताई, सलोनीला सांग की हे दादाने स्वतः वाचलंय. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. तिला माहीत आहे मी तोंडाने, एकेक अक्षर लावत वाचतो. तेवढ्यासाठी तरी वाचेल.

कार्याचं तू परत विचारलंस. भटजी म्हणाले पितृपक्षात उरकून घ्या, मनाला सुटका मिळेल. कोणाच्या मनाला? मी तिला हे पुस्तक पाठवतोय ते ह्यासाठीच, की न जाळता पण माणूस शाळेत जाऊ शकतो.

महादू


भिवंडी, २१ ऑगस्ट

ताई,

चतुर्थीला मी येणार नाही हे तुला कळलंच असेल. आलो की भावकी अंगणात बसणार आणि गणपतीसमोर माझ्याकडून हो म्हणवून घेणार. तुझा गणपती तू बघ. आईला सांग सुट्टी मिळाली नाही.

आता मुद्द्याचं. तुझा मेसेज मी तीन वेळा ऐकला. पहिल्यांदा कळलाच नाही. "वाचणा नाय रे ती. कौल लावता."

म्हणजे सलोनी पुस्तक मांडीवर घेते, डोळे मिटते, कुठेतरी उघडते आणि बोट ठेवते. उजव्या पानावर बोट पडलं तर बाबा येतले. डाव्यावर पडलं तर नाय. रोज सकाळी, आणि दिवेलागणीला परत. उजवं लागलं की त्या दिवशी जेवते. डावं लागलं की ताट सरकवते, आणि "पोटात दुखता" म्हणते. तुला कळलं तेव्हा पंधरवडा उलटला होता. तिचे गाल बसलेत म्हणालीस.

मी एवढा चिडलो की रॅकला लाथ मारली, आणि आता पायाचं नख काळं पडलंय. मी महिनाभर ओळीखाली बोट ठेवून वाचलं, निवडलं, ह्याचा शेवट नको, त्याचा शेवट नको. तिला शेवटाशी काय देणंघेणं? तिला दोनच पानं दिसतात. मी कासव पाठवलं असतं काय आणि टेलिफोनची डिरेक्टरी पाठवली असती काय, सारखंच.

आणि हे शिकली कुठून? घरातूनच ना? मोठ्यांनी देवाला अर्धा प्रश्न विचारला. तिने पुरा विचारला, एवढाच फरक. तुम्ही विचारलं नाहीत ते ती विचारते. रोज दोनदा.

बाईंना सांगितलंस? सांगू नको. त्या म्हणतील पुस्तकं बंद करा. बंद केलीस तर ती शिंपल्यावर लावील, दगडावर लावील, उपाशी तशीच राहील.

मी एक करून बघितलंय. तेच पुस्तक, मिठागराचं, दुसरी प्रत रॅकवरून विकत घेतली. समद रविवारी इथल्या खाडीवर गळ टाकून बसतो, त्याच्या पिशवीत तंगूस असतो, आपल्या जाळ्याचा तसाच नायलॉनचा दोरा. त्याच्याकडून वावभर घेतला, दोन्ही हात पसरून होतो तेवढा. गोणी शिवायच्या दाभणाने एकेक धडा कडेने शिवून पुढच्याला जोडून टाकला. प्रत्येक धड्याला एक गाठ. पुस्तक आता मध्येच कुठेही उघडत नाही. पहिल्या धड्याची गाठ कापायची, तेवढीच पानं सुटतात, ती वाचायची. मग दुसरी कापायची. कौल लावायला जागाच नाही. तिला जर ते हवं असेल तर पहिल्या पानापासून जावं लागेल, जाळं सोडवत जातात तसं.

समद बघत होता. म्हणाला, "पुस्तकाक टाके घालणारो डॉक्टर पहिल्यांदा बघलंय."

तू एवढंच कर. बाकीची सगळी पुस्तकं उचल आणि मेडिकलात नेऊन ठेव. दप्तरातलीसुद्धा. हे एकच घरात राहू दे. सोबत कात्री दे. काही बोलू नको.

महादू


भिवंडी, ५ सप्टेंबर

ताई,

फोनवर मला बोलता आलं नाही. तू एवढ्या महिन्यांनी माझा नंबर उघडलास, स्क्रीनवर 'ताई' आलं आणि वाटलं समेट झाला. आणि तू पहिलं वाक्य बोललीस, "महादू, खरा सांग. बाबा तुझ्याकडे आसत काय?"

मी "काय?" म्हटलं. तुला वाटलं मी लपवतोय.

मग तू भराभर सांगितलंस. सलोनी पहाटेच दप्तर घेऊन निघाली, कट्ट्यापर्यंत चालत, तिथून एसटीने कुडाळ, आणि स्टेशनवर भिवंडीची गाडी कुठली ते विचारत होती. दप्तरात ते पुस्तक, बाबांचा धुतलेला शर्ट आणि सुक्या बांगड्यांची पुडी. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाने बसवून ठेवलं आणि दप्तरावरचा नंबर बघून तुला फोन केला. तू गेलीस तर ती खूश. रडत नव्हती, घाबरली नव्हती. तुला पुस्तक दाखवून म्हणाली, "ताई, ही गाठ बघ. ही कोणाची?"

आणि तू बघितलीस.

मला आता लिहायला पाहिजे ते लिहितो. बाबा जाळं सांधताना गाठ मारली की दोरा एकदा उलटा फिरवून परत आत घ्यायचे आणि टोक करंगळीच्या नखाएवढं बाहेर ठेवायचे. बाकी सगळे टोक कापतात. किनाऱ्यावर सगळे हसायचे, "दत्तारामान शेळयेची शेपटी काढल्यान." कुठलंही जाळं वाहून आलं तरी लांबूनच कळायचं आपलं आहे का. असली गाठ दुसरं कोणी मारत नाही. आणि मी जाळ्याला कधी हात लावला नाही. हे सगळ्या वाडीला माहीत. बाबा जाळं घेऊन बसले की मी बॅट घेऊन पसार. सलोनी तुला तेच म्हणाली ना? "दादाक जाळा धरूक येणा नाय. बाबाच थंय आसत. दोघे मिळान आमका सांगणत नाय."

ताई, ती माझी गाठ आहे. मला कोणी शिकवली नाही. इथे लागल्यावर पहिल्या आठवड्यात गठ्ठे बांधायला लावलं आणि माझ्या हाताने दोरा उलटा फिरवला. मी थांबून बघितलं. मला वाटलं घाईत अशी पडली. समदने विचारलं, ही शेपूट कशाला ठेवतोस, तेव्हा मला कळलं. तेव्हापासून दिवसाला किती बांधतो, मोजत नाही. पुस्तक शिवताना हाताने तेच केलं. माझ्या ध्यानातही आलं नाही.

मी हे तुला फोनवर सांगणार होतो. तेवढ्यात आईने तुझ्या हातातून फोन घेतला. तिने मला काही विचारलं नाही. म्हणाली, "महादू, तेंका फोन दे."

मी फोन कट केला.

तिला सांग. आजच सांग. ती गाठ माझी आहे.

महादू


भिवंडी, ११ सप्टेंबर

ताई,

तुझे दोन्ही मेसेज ऐकले. आता माझ्याच फोनवर येतात. समदने विचारलं, "माझी नोकरी गेली काय रे?"

तू आईला सांगितलंस. आईने ऐकून घेतलं आणि उठून भाताला आधण ठेवलं, एवढंच तू सांगितलंस.

सलोनीला तू सांगितलंस ते तिने मानलं नाही. हसली म्हणालीस. "दादा खोटा बोलता, बाबांनी तसा सांगूक लावलेला आसतला." आणि आता ती पोटभर जेवते. ताई, ती पोटभर जेवते हे सांगताना तू रडत होतीस. शाळेत जाते. बाईंनी तुला बोलावून सांगितलं, बघा, पुस्तकाचा किती उपयोग झाला! केस विंचरते, वह्या पुऱ्या करते, बाबा येतील तेव्हा दाखवायला. पुस्तकाची एकही गाठ कापलेली नाही. बाबांची गाठ कापायची नाही म्हणते. उशाशी घेऊन झोपते. मी एवढं निवडून पाठवलं त्यातला एक शब्द तिने वाचलेला नाही आणि तिचं सगळं सुधारलंय.

आणि मग तू म्हणालीस, "ऱ्हवांदे रे. मार्चात परीक्षा आसा. तवसर ऱ्हवांदे. कार्य पुढल्या वर्षी करू. तू नुसता अधनंमधनं एक गाठ मारून पाठव."

मी हे ऐकलं आणि मला एकदम बरं वाटलं. खरं सांगतो. महिन्याला एक पुस्तक, महिन्याला गाठी. तिला बाबा मिळतील, तुला तिचा निकाल मिळेल आणि मला आग लावावी लागणार नाही. मी संध्याकाळी दुसरं पुस्तक घेऊन शिवायला बसलोसुद्धा. दाभण घातलं, दोरा ओढला, उलटा फिरवला. आणि माझा हात बघून मी दाभण खाली ठेवलं. बाबा गेले दोन वर्षांमागे आणि मी इथे बसून त्यांचा हात चालवतोय, एका पोरीला फसवायला.

तुझं चुकलं असं नाही म्हणत. तू तिथे तिचं ताट बघतेस, मी बघत नाही. पण मार्चात काय? मार्चात तिचे बाबा दुसऱ्यांदा मरतील, आणि ह्या वेळी आपण मारलेले असतील. मग ती माझं, तुझं, कोणाचं ऐकेल? बाईंचं ऐकेल? मी एवढी पुस्तकं वाचली, त्यात एकातही घरच्यांनी असं केलेलं नाही. लिहिणाऱ्यांना सुचलं नसेल. किंवा सुचलं असेल आणि लाज वाटली असेल.

म्हणून मी येतोय. भटजींना सांग, अमावास्येच्या आधीचा जो दिवस ते देतील तो. कुडाळला मी उतरेन, न्यायला कोणी येऊ नका.

पण पुतळ्याच्या आधी एक काम आहे, आणि ते मीच करायचं. तंगूस आणून ठेव. बाबांच्या कोनाड्यातला नको, बाजारातून नवा आण. मी सलोनीला समोर बसवणार आणि तिच्यासमोर गाठ मारणार. एक मारीन, दहा मारीन, ती म्हणेल तेवढ्या. हळू मारीन, तिला बोटं दिसतील अशी. ती म्हणेल परत मार, तर परत. तिला कळेपर्यंत की ही गाठ मारणारा एकच माणूस आता उरलाय आणि तो तिच्यासमोर बसलाय. मग ती ताट सरकवील. शाळा परत सोडील कदाचित. माझं तोंड बघणार नाही. मी ह्याला काही औषध आणत नाहीये ताई, माझ्याकडे नाही. पुस्तकातसुद्धा मला मिळालं नाही. मिठागरातली पोरगी शेवटी 'नाही' म्हणते, पण ते म्हणायला तिला किती वर्षं लागली हे लिहिणारीने सांगितलेलं नाही.

ते दुसरं पुस्तक मी उसवलं. दोरा सोडवताना पान फाटलं, कोपऱ्यात टाकलं.

धुतलेल्या डब्याचं मी तुला परत कधी विचारणार नाही. मी मनात रोज विचारीन, पण तुला नाही.

आईला सांग, पुतळ्याला तो शर्ट घालू नका जो सलोनी कुडाळला घेऊन गेली होती. दुसरा घाला. तो तिच्याकडे राहू दे.

पैसे आत्ताच तुझ्या फोनवर टाकतोय. भटजींचं, लाकडांचं, भावकीच्या जेवणाचं त्यातून भागव, उरलं तर सलोनीच्या परीक्षेच्या फॉर्मला ठेव, ती भरेल की नाही माहीत नाही तरी ठेव. हे मी कोणाला न सांगता बाजूला काढत होतो. दिवाळीनंतर गुजरातच्या बंदरांवर जायचं होतं, बाबांचा फोटो घेऊन, एकेका धक्क्यावर विचारत. आता तिकडे काही काम नाही. बारा हजार चारशे आहेत.

महादू